उत्पन्न अचानक घटले तर आधी तारखा मांडाव्यात, मग काटकसर करावी

नोकरी जाते, पगार कापला जातो, धंद्यातले मोठे गिऱ्हाईक तुटते किंवा कमावते माणूस अंथरुणाला खिळते, आणि घरात येणारा पैसा एका महिन्यात निम्म्यावर येतो. अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘होईल काहीतरी’ म्हणत पहिला महिना पूर्वीसारखाच काढला जातो, नाहीतर त्याच रात्री सगळ्या खर्चांवर सरसकट कुऱ्हाड चालवली जाते. पहिल्या वागण्यात मोलाचा वेळ जातो आणि दुसऱ्यात नको ते तोडले जाऊन नको ते चालू राहते. पहिल्या आठवड्याचे खरे काम वेगळेच आहे. कोणत्या तारखेला किती पैसा येणार आणि कोणत्या तारखेला किती जाणार, हे आधी कागदावर मांडले पाहिजे.

तारखांवर एवढा भर देण्याचे कारण आमच्या घरात आम्ही अनुभवले आहे. दोनपैकी एक पगार बंद झाला, तेव्हा आम्ही महिन्याची जमा आणि खर्च यांची बेरीज केली. तोंडमिळवणी कशीबशी होत होती, म्हणून हायसे वाटले. पण भाडे ३ तारखेला जात होते, कर्जाचा हप्ता ५ तारखेला कापला जात होता आणि उरलेला पगार ७ तारखेला जमा होत होता. बंद झालेला पगार महिनाअखेरीस येत असे, त्यामुळे ही फट आम्हाला इतकी वर्षे दिसलीच नव्हती. ५ तारखेला हप्ता वटला नाही, बँकेने एक दंड लावला, कर्ज देणाऱ्या संस्थेने दुसरा लावला, आणि दोनच दिवसांनी त्याच खात्यात हप्त्यापुरते पैसे होते. तुटवडा महिन्याच्या बेरजेत नव्हता, तो एका तारखेत होता. हप्त्याची तारीख १० करून मागितली असती, तर दोन्ही दंड वाचले असते.

म्हणून एक साधी दिनदर्शिका घ्यावी आणि तिच्यावर पेन्सिलीने पुढच्या तीन महिन्यांची प्रत्येक आवक आणि जावक तिच्या तारखेच्या चौकटीत लिहावी. त्यासाठी गेल्या तीन नव्हे, गेल्या १२ महिन्यांचा खातेउतारा समोर ठेवावा, कारण विम्याचे वार्षिक हप्ते, शाळेचे शुल्क, वाहनाचा विमा आणि कर अशी वर्षातून एकदाच येणारी देणी तीन महिन्यांच्या उताऱ्यात सापडत नाहीत आणि नेमकी तीच ऐन अडचणीत दारात येऊन उभी राहतात. खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांची वेगळी नोंद करावी. त्यांतल्या काही वर्गण्या कशासाठी सुरू केल्या होत्या, हेही कोणाला आठवत नाही. त्या तिथल्या तिथे बंद कराव्यात. प्रत्येक चौकटीत त्या दिवसअखेरची शिल्लक लिहीत गेल्यावर ज्या दिवशी आकडा शून्याखाली जातो, तो दिवस ठळकपणे समोर येतो. त्याआधी काय करता येईल, एवढाच प्रश्न मग उरतो, आणि तो सगळ्या भविष्याच्या चिंतेपेक्षा पुष्कळच लहान असतो.

यानंतर हातातली शिल्लक किती महिने पुरेल, ते काढावे. समजा, हाती २४० आहेत, महिन्याचा अत्यावश्यक खर्च ६० आहे आणि अजून सुरू असलेले उत्पन्न २० आहे. दरमहा ४० कमी पडतात, म्हणजे शिल्लक ६ महिने पुरेल. खर्च ६० वरून ५० वर आणला, तर तूट ३० होते आणि तीच शिल्लक ८ महिने पुरते. खर्च एक षष्ठांशाने कमी झाला, पण मुदत एक तृतीयांशाने वाढली. घरात थोडेतरी उत्पन्न शिल्लक असेल, तर काटकसरीचे फळ असे दामदुपटीने मिळते. उत्पन्न पूर्ण थांबले असेल, तर हाच २४० चा साठा ६० च्या खर्चात ४ महिने आणि ५० च्या खर्चात ५ महिन्यांना थोडा कमी पुरतो. त्या घराने कपातीइतकेच लक्ष थोडीबहुत कमाई लवकर सुरू करण्याकडे द्यावे.

कोणाचे आधी द्यावे

पैसे सगळ्यांना पुरणार नाहीत हे दिसले की माणूस जो जास्त तगादा लावतो, त्याचे आधी देऊन मोकळा होतो. ही चूक फार घरांत होते आणि ती महागात पडते. देणे थकले तर काय होईल, या एका निकषावर क्रम लावावा. डोक्यावरचे छप्पर, पोटाचा खर्च, नियमित औषधे, वीज आणि पाणी हे सर्वांत आधी. त्यांच्या बरोबरीने कमाईची साधने येतात: फोन, इंटरनेट, कामावर जाण्यायेण्याचा खर्च, धंद्याचे अवजार. ही तोडली, तर पुन्हा उभे राहण्याची वाटच बंद होते. त्यानंतर तारण ठेवलेली कर्जे येतात, कारण ती थकली तर घर किंवा वाहन हातचे जाऊ शकते. विनातारण कर्जे आणि क्रेडिट कार्ड त्याखाली येतात. ती थकली तर दंड, व्याज आणि खराब पतनोंद यांचा त्रास होतोच, पण राहते घर सहसा लगेच धोक्यात येत नाही. वसुलीचे फोन मात्र नेमके याच कर्जांसाठी सर्वांत जास्त येतात. त्या आवाजाला घाबरून घरभाडे थकवू नये.

विम्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण कपातीची कात्री पहिल्यांदा त्याच्यावर चालते. पगारासोबत मिळालेले आरोग्यविम्याचे संरक्षण सामान्यतः नोकरीसोबत संपते. ते नेमके कोणत्या दिवशी संपते, हे नोकरी सोडतानाच विचारून घ्यावे. स्वतःचा आरोग्यविमा खंडित झाला, तर नव्याने घेताना प्रतीक्षाकाळ, म्हणजे ठरावीक आजारांचा खर्च विमा देत नाही तो सुरुवातीचा काळ, पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो आणि मधल्या काळात जडलेला आजार आड येऊ शकतो. त्यामुळे हप्ता वार्षिकऐवजी मासिक करून मिळतो का, विम्याची रक्कम कमी करून हप्ता घटतो का, हे आधी पाहावे. सगळे उत्पन्न एकाच व्यक्तीवर आले असेल, तर त्या व्यक्तीचा आयुर्विमा शेवटपर्यंत राखावा.

धनकोशी बोलणे

हप्ता चुकण्याच्या आधी फोन करणारा आणि चुकल्यानंतर पकडला जाणारा, या दोघांकडे पाहण्याची नजर वेगळी असते. एका दिवसाच्या फरकाने तुम्ही ‘अडचणीत असलेले ग्राहक’ न राहता ‘थकबाकीदार’ ठरता आणि मग उपलब्ध पर्यायही कमी होतात. म्हणून दिनदर्शिकेवर जी तारीख धोक्याची दिसते, तिच्या किमान दोन आठवडे आधी बोलणे सुरू करावे. बोलण्यापूर्वी आपण दरमहा नक्की किती देऊ शकतो, तो आकडा ठरवून ठेवावा. भिडेखातर जास्त कबूल करून दुसऱ्याच महिन्यात शब्द मोडला, तर पुढच्या विनंतीला वजन राहत नाही.

मागण्यासारख्या गोष्टी अनेक आहेत. तारीख पुढे सरकवणे सर्वांत सोपे आणि स्वस्त. कर्जाची मुदत वाढवून हप्ता लहान करून घेता येतो, काही महिने फक्त व्याज भरण्याची सवलत मागता येते, किंवा हप्ते काही काळ पूर्ण थांबवून मिळतात का, हे विचारता येते. हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. महिना १ टक्का व्याज असलेल्या कर्जाचे तीन हप्ते पुढे ढकलले आणि ते व्याज मुद्दलात मिळवले गेले, तर शंभराचे १०३.०३ होतात आणि पुढचे सगळे व्याज त्या वाढलेल्या रकमेवर लागते. सवलत घ्यावी लागली तर जरूर घ्यावी, पण कागदावर तिची किंमत विचारून घ्यावी. फोनवर मिळालेल्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. बोलणे झाल्यावर लगेच ईमेल किंवा पत्र पाठवावे. मजकूर एवढा साधा असला तरी चालतो: “माझे उत्पन्न अमुक महिन्यापासून निम्म्यावर आले आहे. येत्या १५ तारखेचा हप्ता पूर्ण भरणे मला शक्य नाही. पुढील सहा महिने मी दरमहा इतकी रक्कम १० तारखेला भरू शकतो. कर्जाची मुदत वाढवून हप्ता तेवढा करावा, ही विनंती. या बदलाने एकूण व्याज किती वाढेल आणि पतनोंदीत काय नमूद होईल, हे लेखी कळवावे.” यात गयावया नाही, लांबलचक कहाणी नाही आणि समोरच्याला निर्णय घेण्यासाठी लागणारे सगळे आहे. घरमालकाशी बोलतानाही हाच सूर ठेवावा.

नवे कर्ज काढताना हात आखडता घ्यावा. क्रेडिट कार्डावर महिना ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटते, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२.५८ टक्के होते. किमान रक्कम भरली की काम भागले, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात पूर्ण रक्कम भरली नाही, तर सहसा नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, आणि कार्डावर रोख काढली तर बहुधा त्याच दिवसापासून व्याज सुरू होते. फोनवर मिनिटांत मिळणाऱ्या छोट्या कर्जांचा हिशेब तर याहून क्रूर आहे. शंभर मंजूर होतात, १० शुल्क आधीच कापून ९० हातात येतात आणि १५ दिवसांनी शंभर फेडायचे असतात. हा दर सरळव्याजानेही वर्षाला सुमारे २७० टक्के पडतो. अशी काही ॲप फोनमधील संपर्कयादी आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागतात आणि वसुलीच्या वेळी त्याच माहितीच्या आधारे नातेवाइकांसमोर बदनामीची धमकी देतात. ती परवानगी मागितली गेली, की तिथेच थांबावे.

त्यापेक्षा स्वतःची बचत वापरणे बरे. बचत वापरताना अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही, ती याच दिवसांसाठी केलेली असते. आधी खात्यातील रोख वापरावी, मग मुदतठेवी. ठेव मोडण्यापूर्वी तिच्यावर कर्ज किती दराने मिळते, ते विचारावे. गरज दोनतीन महिन्यांचीच असेल, तर ते स्वस्त पडू शकते. निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशाला सर्वांत शेवटी हात लावावा. जवळच्या माणसाकडून उसने घेतले, तर रक्कम, तारीख आणि फेडीची रीत दोघांनी लिहून ठेवावी. लिहिण्याने अविश्वास दिसत नाही, उलट पुढचे गैरसमज टळतात.

येणे असलेला पैसा विसरला जातो, हेही पाहिले आहे. न घेतलेल्या रजेचा मोबदला, नोटीस काळाचा पगार, प्रवासाची थकलेली बिले, भाडेकरार संपल्यावर परत मिळायची अनामत, जास्त कापला गेलेला कर, कोणाला उसने दिलेले पैसे, या सगळ्याची एक यादी करून दर आठवड्याला पाठपुरावा करावा. अनुभवाचे प्रमाणपत्र आणि शेवटच्या हिशेबाचा कागद हातात घेतल्याशिवाय जुन्या कार्यालयाशी संबंध संपवू नये. सरकारी मदत किंवा शुल्कमाफी मिळण्यासारखी असेल, तर अर्ज पहिल्याच महिन्यात करावा, कारण मंजुरीला वेळ लागतो. आणि नोकरी देण्याआधी नोंदणीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा अनामत म्हणून पैसे मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये.

हे सगळे एकट्याने करू नये. घरातल्या एका माणसाने आकडे लपवून ठेवले, तर बाकीचे नकळत जुन्याच सवयीने खर्च करत राहतात आणि लपवणारा आतल्या आत कुढत राहतो. एका संध्याकाळी सर्वांनी बसून ती दिनदर्शिका मधोमध ठेवावी. मुलांना आकडे सांगण्याची गरज नाही, पण घरात काय चालले आहे हे त्यांना कळतेच, म्हणून “काही महिने जपून खर्च करायचा आहे, तुमची शाळा आणि जेवण यांची काळजी करू नका” एवढे सरळ शब्दांत सांगावे. अर्थात, जे वचन पाळता येणार नाही ते देऊ नये. ज्याचे काम गेले आहे, त्याला रोज सकाळी ‘कुठून फोन आला का’ असे विचारू नये. आठवड्यातून एक ठरलेली वेळ त्या विषयासाठी ठेवावी आणि इतर वेळी त्याला घरचे माणूस म्हणूनच वागवावे. झोप उडाली, जेवण तुटले किंवा ‘मी नसलो तर बरे’ अशा तऱ्हेचे बोलणे कानावर आले, तर हिशेब बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

ठरलेल्या दिवशी, आठवड्यातून एकदा, दिनदर्शिकेवरचे आकडे खऱ्या खात्याशी ताडून पाहावेत आणि पेन्सिलीचे आकडे सुधारावेत. नवे उत्पन्न सुरू झाल्यावरही पहिले तीन महिने घरखर्च आहे तिथेच ठेवावा. त्या तीन महिन्यांत आधी थकलेली देणी, मग सर्वांत चढ्या व्याजाचे कर्ज आणि त्यानंतर उसनवारी, या क्रमाने फेड करावी, आणि खंड पडलेला विमा असेल, तर पहिल्या पगारातूनच तो पूर्ववत करण्याचा अर्ज द्यावा.