लेदरचं रायडिंग गिअर: कंडिशनर किती, मेण कुठे

बाइकवर घालायच्या लेदर जॅकेटच्या खांद्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि मिनिटभर थांबा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर वरचा थर शाबूत आहे. मुरून काळसर डाग पडला तर चामड्याला कंडिशनर, म्हणजे ते मऊ ठेवणारं तेलकट मलम, हवंय. मात्र पाणी बहुतेक वेळा आधी शिरतं ते शिवणींतून, सुईच्या भोकांतून. त्यामुळे सगळं जॅकेट तेलानं माखण्यापेक्षा शिवणींवर वेळ घालवलेला बरा.

खांदे, कोपर आणि पाठीतले आर्मर पॅड (पडल्यावर मार झेलणाऱ्या गाद्या) काढा. अस्तर सुटं होत असेल तर तेही. शिवणींतली धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, नाहीतर पुढे तीच चामड्यावर घासली जाते. ओला स्पंज घट्ट पिळून सॅडल सोपवर (चामड्याच्या साबणावर) फिरवा आणि नुसता फेस लावा, एका वेळी एकच भाग. हा साबण अल्कधर्मी आणि चामडं किंचित आम्लधर्मी, म्हणून फेस वाळायच्या आत ओलसर फडक्यानं दोनदा पुसा. मग रुंद हँगरवर, सावलीत, पंख्याखाली रात्रभर. उन्हात किंवा हीटरजवळ अजिबात नको: ओलं चामडं तापलं की आकसतं, आणि तो कडकपणा नंतर कितीही कंडिशनर चोपडलं तरी पूर्ण जात नाही.

कंडिशनर आधी कॉलरखाली नखाएवढ्या जागेत लावून दुसऱ्या दिवशी रंग बघा. नीट्सफूट (गुरांच्या पायांच्या हाडांचं) किंवा मिंक तेलानं रंग गडद होतो. ठीक वाटलं तर शेंगदाण्याएवढं फडक्यावर घेऊन एका बाहीभर पुरवा. अर्ध्या तासानं उरलेलं पुसा. बोटाला चिकट लागलं तर जास्त झालंय. तेल जास्त मुरलं की चामडं ढिलं पडून ताणलं जातं, आणि रस्त्यावर घासलं जाताना वाचवणारा घट्टपणाच जातो. स्वयंपाकघरातलं तेल वापरू नका. ते खवट होतं.

एक दिवस जाऊ द्या, मग मधमाश्यांच्या मेणाचं ड्रेसिंग. जुन्या टूथब्रशनं ते टाक्यांवर आडवं-उभं दाबून भरा. हेअर ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर, वीतभर अंतरावरून फिरवा. पांढुरकं मेण पारदर्शक होऊन टाक्यांत उतरताना दिसतं, तिथेच थांबा. गार झाल्यावर फडक्यानं चमकवा. धातूच्या चेनवरून मेणबत्तीचा तुकडा फिरवला तर ती अडकत नाही.

ग्लोव्हजचे तळवे, पँटची बैठक आणि बुटाचा तळ यांना मेण किंवा तेल लावू नका. पकड सुटते, आणि ब्रेक दाबताना ते परवडत नाही. स्वेड आणि नुबक या मखमलीसारखी लव असलेल्या चामड्यांना फक्त त्यांच्यासाठीचा स्प्रे, तोही मोकळ्या हवेत. मेणानं ती लव चपटी होऊन बसते. आत वॉटरप्रूफ मेम्ब्रेन (पाणी अडवणारा, पण वाफ बाहेर सोडणारा पातळ पडदा) असलेल्या बुटांना ग्रीस थापलं तर घामाची वाफ आत कोंडते, तेव्हा त्यांनाही स्प्रेच. बारीक छिद्रांचं जॅकेट वॉटरप्रूफ करण्याच्या भानगडीत पडूच नका, वरून रेनसूट घाला.

गिअर चिंब भिजलं तर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घाला, ओले झाले की बदला. पूर्ण वाळल्यावर कंडिशनरचा एक पातळ हात. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, सुती कापडाखाली. बुरशी आलीच तर बाहेर नेऊन कोरडी झाडा, पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा, आणि वाळल्याखेरीज कपाटात परत ठेवू नका.