लंबकाचा प्रयोग मुलांसोबत कसा करावा

लहान मुलांना वैज्ञानिक पद्धतीची ओळख करून देताना, ज्याचे उत्तर त्यांना आधीच ठाऊक असल्यासारखे वाटते असा प्रश्न निवडावा. दोऱ्याला टांगलेले वजन वाढवले, तर झोका लवकर पूर्ण होईल की उशिरा, हा तसाच एक प्रश्न आहे. सात-आठ वर्षांच्या मुलांना तो सहज पेलतो.

मीटरभराहून थोडा लांब दोरा, त्याच्या टोकाला क्लिप वाकवून केलेला आकडा, तीन-चार सारखे वॉशर आणि सेकंद दाखवणारे घड्याळ एवढे साहित्य पुरे. दोऱ्याचे वरचे टोक मोठ्यांनीच घट्ट बांधावे.

वजनाला हात लावण्याआधी प्रत्येक मुलाने आपला अंदाज आणि त्यामागचे कारण वहीत लिहावे; लिहिता येत नसेल त्याचे आपण लिहून घ्यावे. हा अंदाज नंतर खोडू देऊ नये, कारण चुकलेला अंदाज ही या वहीतली सर्वांत मोलाची नोंद असते.

जाऊन परत येणे म्हणजे एक झोका. एकाच झोक्याची वेळ मोजली तर घड्याळ सुरू करण्यातला किंचित उशीरही मोठी चूक ठरतो, म्हणून सलग 10 झोक्यांची वेळ घ्यावी आणि मोजणी तीनदा करावी. वजन सोडताना ‘एक’ नव्हे, ‘शून्य’ म्हणावे; नाहीतर नऊच झोके मोजले जातात. दर वेळी वजन थोडेच आणि सारख्याच अंतरावर ओढून सोडावे.

आता वॉशर वाढवावेत. मुले ते एकाखाली एक अडकवतात आणि झोका मंदावल्याचे आनंदाने सांगतात. येथे लगेच दुरुस्ती करण्याचा मोह आवरावा (मोठ्यांना हेच सर्वांत जड जाते) आणि ‘वजनाशिवाय आणखी काय बदलले?’ एवढेच विचारावे. वजनाचा मध्य खाली सरकल्याने लंबकाची लांबीही वाढली, हे कोणाच्या तरी ध्यानात येईल. मग सगळे वॉशर त्याच आकड्यात अडकवून पुन्हा मोजले की वेळ जवळजवळ तीच येते. एका वेळी एकच गोष्ट का बदलायची, हे वेगळे समजवावे लागत नाही.

यानंतर लांबी बदलावी. ती आधारापासून वजनाच्या मध्यापर्यंत मोजावी. 25 सेंटिमीटरला 10 झोक्यांना सुमारे 10 सेकंद लागतात, तर 100 सेंटिमीटरला सुमारे 20. मग 50 सेंटिमीटरला किती, याचा अंदाज लिहून घ्यावा. 15 असे उत्तर आले आणि घड्याळाने 14 च्या थोडे पुढे दाखवले, तर ही मोजणीतली चूक की आणखी काही, हे मुलांनीच पुन्हा मोजून ठरवावे.