लाँगआर्म मशीन घेण्याआधी खोली मोजा

घरच्या रजया-गोधड्यांसाठी लाँगआर्म क्विल्टिंग मशीन, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या रजईवर डोकं फिरवून सगळे थर एकत्र शिवणारं मशीन, घ्यायचं असेल तर आधी खोलीची लांबी मोजा. डबलबेडची रजई साधारण 90 इंच रुंद असते. मशीनचं डोकं फ्रेमच्या दोन्ही टोकांना जागा खातं, त्यामुळे 8 फुटी फ्रेम तिला अपुरी पडते. 10 फुटी लागते. दोन्ही बाजूंनी फिरता यावं म्हणून 12-13 फूट लांबी सोडा.

थ्रोट, म्हणजे सुईपासून मागच्या खांबापर्यंतची जागा, 18 इंच सांगितली तरी सगळी हाती येत नाही. शिवलेला भाग रुळावर गुंडाळत गेला की ती घटते, आणि जाड कापूस भरलेल्या रजईत तर झपाट्यानं. 20 इंचांचं परवडत असेल तर तेच घ्या.

स्टिच रेग्युलेटर, म्हणजे टाक्यांची लांबी सारखी ठेवणारी सोय, हवाच. तो नसेल तर हात मंदावताच टाके बारीक होतात, वेग वाढला की लांबतात. दुकानात स्वतःचं कापड, अस्तर आणि भरण नेऊन दहा मिनिटं चालवा, मग उलट्या बाजूचे टाके बघा. वळणावर दोरा सैल दिसला तर ताण जुळवून पुन्हा चालवायला सांगा.

बाहेरून मागवलेलं मशीन 110 व्होल्टचं नाही ना, हे पाटीवर वाचा. आपल्याकडे 230 आहे. सुया आणि बॉबिन नागपूरच्या इतवारी-गांधीबाग बाजारात मिळतील असं गृहीत धरू नका, सोबतच मागवा.

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरचा झोत मशीनवर येऊ देऊ नका. ओलाव्यानं हुक, म्हणजे बॉबिनभोवती फिरून दोरा पकडणारा भाग, गंजतो, मग दोरा तुटत राहतो.