थंडीत इथेनॉलवरची ट्रॅक कार आणि हलकी बॅटरी: या चुका टाळा

पारा पाच अंशांवर, टाकीत ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल, बाकी पेट्रोल) आणि मूळच्या जड बॅटरीच्या जागी अडीच-तीन किलोंची लिथियम. सेल्फ मारला की इंजिन आळसावल्यासारखं फिरतं, एखादा सिलिंडर फुसफुसतो आणि पुन्हा शांत. मग लॅपटॉप निघतो आणि पहिला हात पडतो तो फ्यूएल मॅपवर, म्हणजे कधी किती इंधन सोडायचं हे ठरवणाऱ्या ईसीयूमधल्या (इंजिनाच्या कंट्रोल कॉम्प्युटरमधल्या) तक्त्यावर. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. इथेनॉल आणि लिथियम दोघेही एकाच थंडीत कच खातात आणि बाहेरून लक्षण एकच दिसतं. त्यामुळे इंधन कमी पडतंय की व्होल्टेज, हे कळल्याशिवाय मॅपला हात लावू नये.

मॅपच्या आधी लॉग बघा

सेल्फ मारतानाच्या लॉगमध्ये (ईसीयूने नोंदवलेल्या आलेखात) तीनच रेघा बघायच्या: व्होल्टेज, आरपीएम आणि फ्यूएल प्रेशर. समजा स्विच ऑन केल्यावर १३.२ व्होल्ट आहेत, सेल्फ फिरताच ते ८.४ वर आले आणि आरपीएम ११० च्या वर जाईना. आता मिश्रण कितीही अचूक असलं तरी उपयोग नाही. ठिणगीच्या कॉइलला भरायला जास्त वेळ लागतो, तेवढा ड्वेल (कॉइल भरण्याचा वेळ) मॅपमध्ये दिला नसेल तर ठिणगी मरतुकडी पडते. पंप मंदावतो, प्रेशर घसरतं. काही ईसीयू एवढ्या कमी व्होल्टेजला चक्क रीसेट होतात आणि इंजिनाची पोझिशन पुन्हा पहिल्यापासून शोधत बसतात. इंजेक्टरचा डेड टाइमही (उघडायला लागणारा वेळ) वाढतो, पण सेल्फ मारतानाचे पल्स मुळात लांब असतात, म्हणून मी त्याला फार भाव देत नाही.

सगळ्यात जास्त नडतो तो वेग. पिस्टन सावकाश वर गेला की कॉम्प्रेशनची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती खाऊन टाकतात, आणि इथेनॉलला तीच तर हवी असते. त्याची वाफ करायला पेट्रोलपेक्षा किलोमागे सुमारे अडीच पट उष्णता लागते. शिवाय इंधन जास्त जातं: पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १, शुद्ध इथेनॉलला ९ ला १. दोन्ही धरले तर तेवढ्याच हवेमागे जवळपास चौपट उष्णता. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेट घेण्याइतकी वाफ ज्या तापमानापासून होते ते, १३ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे थंड इंजिनात पहिली ठिणगी पकडतं ते मुख्यतः ई८५ मधलं थोडंसं पेट्रोलच.

व्होल्टेज १० च्या वर आणि आरपीएम २०० च्या आसपास टिकत असेल, तरच मॅप उघडा. टिकत नसेल तर दरवेळी दोष बॅटरीचा असेलच असं नाही. ट्रॅक कारमध्ये बॅटरी मागे हलवलेली असते, वायर लांबते आणि मध्ये किल स्विच (सगळा वीजपुरवठा तोडणारा स्विच) येतो. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिन ब्लॉकवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर अर्थिंग कच्चं आहे. हीच तपासणी किल स्विचच्या दोन टोकांवर करा. आणि इंजिनात २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल असेल तर सेल्फवरचा भार त्यानेच वाढवलाय.

लिथियमला लेड-ॲसिडचे नियम लावू नका

थंड लेड-ॲसिड, म्हणजे मूळची जड, बॅटरी प्रत्येक प्रयत्नागणिक दमत जाते. थंड लिथियम आयर्न फॉस्फेटचं (या हलक्या बॅटरीचं) उलट असतं. तिच्यातून करंट वाहिला की सेल आतून गरम होतात, रेझिस्टन्स उतरतो आणि दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा जोमदार होतो. म्हणून आधी एक-दोन मिनिटं हेडलाइट किंवा फॅन चालू ठेवा, मग तीन-चार सेकंद सेल्फ मारा, थांबा आणि पुन्हा मारा. पहिला प्रयत्न लुळा पडला म्हणून बॅटरी मेली असं ठरवू नका. दहा-पंधरा सेकंद दाबून मात्र धरू नका; आतलं संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं आणि डॅशबोर्डसकट सगळा अंधार.

मल्टिमीटरवर १३.२ दिसतंय म्हणजे बॅटरी भरलेली, हाही गैरसमज. या सेलचं व्होल्टेज बराच काळ सपाट राहतं, त्यावरून चार्ज किती उरलाय ते कळत नाही. लेबलवरचे ॲम्पिअर-अवर्सही नीट वाचा: बरेचदा तो आकडा लेड-ॲसिडच्या तुलनेत सांगितलेला असतो आणि खरी क्षमता त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी भरते. खरे ५ ॲम्पिअर-अवर्स आणि पंप, ईसीयू मिळून १५ ॲम्पिअर खात असतील, तर स्विच ऑन ठेवून वीस मिनिटं लॅपटॉपवर काम केलं की बॅटरी उतरली. पिटमध्ये बाहेरून जोडायला मोठी बॅटरी ठेवा, वजन फक्त ट्रॅकवर मोजायचं असतं. आणि हलक्या बॅटरीचा मोठा फायदा विसरू नका: रात्री काढून उबदार खोलीत नेता येते. शून्याखाली गोठलेल्या लिथियमला चार्ज केलं तर आत धातूचा थर बसून ती कायमची अधू होते. गाडी स्टार्ट झाल्यावर अल्टरनेटरही चार्जच करतो, हे लक्षात असू द्या.

इंधनाकडच्या चुका

व्होल्टेज ठीक आहे आणि तरी गाडी पेटत नाही, तर पेट्रोलच्या क्रँक टेबलमध्ये (सेल्फ मारताना किती इंधन सोडायचं त्या तक्त्यात) सरसकट ३०-४० टक्के वाढवून भागणार नाही. एवढी वाढ गरम इंजिनाला पुरते. थंडीत निम्मं इंधन थेंब होऊन भिंतींवर बसतं, म्हणून तापमान उतरेल तशी वाढ बरीच चढती लागते. बदल एका वेळी एकच करा आणि तो रात्रभर गार पडलेल्या इंजिनावर तपासा. अर्ध्या तासापूर्वी चाललेल्या इंजिनावर जमलेला आकडा सकाळी दगा देतो.

गाडी फ्लड झाली, म्हणजे सिलिंडरमध्ये जादा इंधन साचलं, की नाही हे प्लगवरून ओळखणं इथे अवघड जातं. पेट्रोलचा प्लग काळा पडतो. इथेनॉलचा प्लग काढला तर पोर्सेलिन पांढरंशुभ्र, वर नुसती ओल आणि स्पिरिटचा वास, आणि हातात घेऊन बोलेपर्यंत तीही उडून जाते. ‘प्लग तर स्वच्छ आहे’ म्हणून लोक आणखी इंधन ओततात. दोन-तीन प्रयत्न फसले की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. ईसीयूमध्ये फ्लड क्लिअर चालू असेल तर इंजेक्टर बंद राहतात आणि सिलिंडर कोरडे होतात.

उन्हाळ्यात भरलेला कॅन हिवाळ्यात वापरणं टाळा. ई८५ मध्ये इथेनॉलचं प्रमाण ऋतूनुसार बदलतं, आणि झाकण सैल राहिलं तर पेट्रोलचे हलके घटक, म्हणजे नेमके थंडीत पेट घेणारे, आधी उडून जातात. ब्राझीलमधल्या इथेनॉल गाड्यांना याच कारणाने स्टार्टिंगपुरती पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची. तिच्याशिवाय, इंधन आधी गरम करून स्टार्ट होणारी फोक्सवॅगनची पोलो तिथे २००९ मध्ये आली. ट्रॅक कारला ब्लॉक हीटर (इंजिन आधीच गरम करणारा) लावला तरी पुष्कळ काम होतं. ईथरचा स्प्रे मात्र जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात नकोच, बॅकफायर झाला तर हवा आत नेणारा प्लास्टिकचा मॅनिफोल्ड फुटतो.

आणि फक्त ट्रेलरवर चढवण्यापुरती गाडी स्टार्ट करून लगेच बंद करू नका. त्या मिनिटभरात गेलेलं जादा इंधन पिस्टनच्या रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं आणि बॅटरीतून गेलेलं भरूनही निघत नाही. ढकलून चढवा, किंवा विंच वापरा.