सीहॉर्स पाळायचाय? आधी त्याच्या खाण्याचं गणित समजून घ्या

सीहॉर्सला, म्हणजे समुद्री घोड्याला, जठरच नसतं. तोंडातून गेलेलं अन्न सरळ आतड्यातून पुढे सरकतं आणि बरंचसं अर्धवट पचूनच बाहेर पडतं, म्हणून त्याला दिवसातून दोन-तीनदा तरी खायला द्यावंच लागतं आणि जेवढं खाणार तेवढी घाणही पाण्यात होणार. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की टँक केवढा, फिल्टर कसला, सोबत कोण, सगळं त्यावरूनच ठरत जातं.

सगळ्यात आधी कायदा बघा. काही देशांत, भारतातसुद्धा, सीहॉर्स संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००४ पासून सायटिसचे (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) निर्बंध आहेत. जिथे पाळायला परवानगी आहे तिथेही फक्त फार्ममध्ये जन्मलेलाच घ्या. समुद्रातून पकडलेला बहुतेक वेळा जिवंत खाद्यच मागतो, अंगावर परजीवी घेऊन येतो, आणि समुद्रात आधीच ते कमी होत चाललेत ते वेगळंच. नवख्यांसाठी एरेक्टस जात त्यातल्या त्यात दणकट. विकत घेण्याआधी विकणाऱ्याला आपल्यासमोर फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले) खायला घालायला सांगा, खाल्लं नाही तर घेऊ नका.

टँक उंच हवा, निदान ४५ सेंटीमीटर, आणि एका जोडीला साधारण ११० लिटर पाणी. उंची यासाठी की जोडी जुळताना ते दोघं पाण्यात वर वर चढत जातात आणि तेव्हाच मादी आपली अंडी नराच्या पिशवीत सोडते. पाणी आरओचं, त्यात मरीन सॉल्ट, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (खारेपणाचं माप) १.०२३ ते १.०२५. टँक सायकल व्हायला, म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया त्यात रुजायला, चार ते सहा आठवडे सहज जातात, अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्याशिवाय प्राणी आणायचा नाही, घाई केली की तो जातोच.

टेम्परेचरचं मात्र नीट ऐका कारण इथेच जास्त लोक फसतात. प्रवाळांच्या रीफ टँकला २६ डिग्री चालतं, सीहॉर्सला २१ ते २३ च ठेवा, कारण पाणी गरम झालं की व्हिब्रिओसारखे बॅक्टेरिया भराभर वाढतात आणि सीहॉर्स त्याला लवकर बळी पडतो. चिलर असेल तर उत्तम, नसेल तर पाण्यावर पंखा लावूनही एक-दोन डिग्री उतरतात, पण मग पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, तर भरपाई साध्या आरओ पाण्यानेच करायची, खारं पाणी ओतायचं नाही.

फिल्टर गरजेपेक्षा मोठा घ्या, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) लावाच. पंपाच्या तोंडावर स्पंज आणि हीटरला जाळी हवीच, कारण शेपटी गुंडाळायला त्याला काहीही चालतं, अगदी तापलेला हीटरसुद्धा, आणि मग चांगलंच भाजतं. म्हणून शेपटी धरायला त्याच्यासाठी भरपूर जागा करा, कॉलर्पासारखं शेवाळ, गॉर्गोनियन (फांद्यांसारखं प्रवाळ), प्लॅस्टिकची झाडं, काहीही चालेल.

आता खाणं. फ्रोझन मायसिस वितळवून, गाळणीत धुऊन, पंप बंद करून एका ठरलेल्या शिंपल्यात किंवा वाटीत पिपेटने सोडा. दोन-चार दिवसांत त्यांना जागा कळते. बघत बसा तेव्हा, तो हळूच जवळ येतो, एक डोळा खाद्यावर आणि दुसरा भलतीकडेच, मान खाली घालतो, क्षणभर थांबतो आणि टक् करून ओढून घेतो, शांतता असेल तर तो आवाज काचेबाहेर ऐकू येतो. इतका वेळ घेऊन खाणाऱ्याच्या शेजारी क्लाउनफिश किंवा टँगसारखे चपळ मासे ठेवले तर त्याच्या वाट्याला काहीच उरणार नाही. गोगलगायी ठेवा, फार तर एखादा शांत गोबी मासा. ॲनिमोन (समुद्रफूल) आणि खेकडे अजिबात नकोत. उरलेलं खाद्य अर्ध्या तासात काढून टाका, आणि नुसत्या ब्राइन श्रिंपवर ठेवू नका, त्यात पोषण फार कमी.

रोज खायला घालतानाच तब्येत बघून घ्यायची. खाणं सोडलं, कातडीवर पांढरे डाग, शेपटीवर किंवा पिशवीत हवेचे फुगे, पाण्यावर तरंगत राहणं, यातलं काहीही दिसलं की लगेच वेगळ्या टँकमध्ये हलवा. नवा प्राणी तर आधी क्वारंटाइनमध्येच.

जोडी असेल तर पिल्लं होणार. नर साधारण दोन ते चार आठवडे अंडी पिशवीत वाढवतो आणि मग एका वेळी शेकडो पिल्लं बाहेर सोडतो. त्यांना पहिल्या दिवसापासून जिवंत बारीक खाद्य लागतं, वेगळा टँक लागतो, आणि तरीही बरीचशी वाचत नाहीत. एवढा वेळ देता येणार नसेल तर सरळ दोन माद्या किंवा दोन नर घ्या, मोठ्या नराच्या पोटाखाली पिशवी दिसते त्यावरून ओळखता येतं.