शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचं कागदपत्र) फाइल होईना, आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा नंबर) डीअॅक्टिव्हेट दाखवतंय: माझा अनुभव

सांगलीतून दुबईला हळद पाठवायची होती, पोती शिवून गोडाऊनला तयार, आणि न्हावाशेवा बंदरावरचा सीएचए (कस्टम्सचं काम करून देणारा एजंट) म्हणतो शिपिंग बिल जात नाहीये. आधी वाटलं एडी कोडचा (निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येतात तिचा कोड) घोळ असेल म्हणून बँकेतनं परत लेटर आणलं, मग जीएसटी, पॅन सगळं तपासलं, सगळं बरोबरच. चार दिवस नुसता वैताग.

शेवटी डीजीएफटीच्या (आयईसी देणारं केंद्राचं परदेश व्यापार खातं) साइटवर आयईसीचं स्टेटस बघितलं तर डीअॅक्टिव्हेट! नंबर आयुष्यभराचा असला तरी 2021 पासून दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करावाच लागतो, काहीच बदललं नसलं तरी, आणि हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग केलं ते असं. लॉगिन करून आयईसीच्या सेक्शनमध्ये अपडेटचा ऑप्शन उघडला, पत्ता, बँक खातं, पार्टनरची माहिती एकेक पान बघत सेव्ह करत गेलो (पत्त्यात जुना गाळा नंबर निघाला, तो तिथंच बदलला), डिक्लरेशनला टिक, आधार ओटीपीनं साइन, 200 रुपये फी, सबमिट. जूनच्या आत केलं असतं तर फी पण नव्हती. स्टेटस अॅक्टिव्ह दिसल्यावरच सीएचएला फोन केला, बिल गेलं.