गाळा घेण्यापूर्वीचा हिशेब

निवृत्तीची रक्कम हाती आली की राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत एखादा गाळा घेऊन भाड्यावर निर्धास्त राहावे, असा विचार कोल्हापुरातील अनेक घरांत होतो. विचार रास्त आहे. मात्र गाळा हा गुंतवणुकीचा एक भाग असावा, कारण दवाखान्यासाठी अचानक पाच लाख लागले तर गाळ्याचा एक कोपरा विकता येत नाही. माझ्या मते वर्षभराचा घरखर्च आधी मुदत ठेवीत ठेवावा आणि राहते घर वगळून उरणाऱ्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक रक्कम एकाच गाळ्यात घालू नये.

त्यानंतर भाड्याचा हिशेब स्वतः मांडावा. समजा, ६० लाखांच्या गाळ्याला दरमहा ३०,००० रुपये भाडे आहे. मध्यस्थ याला ६ टक्के परतावा म्हणेल. परंतु मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वकिलाचा खर्च धरता गुंतलेली रक्कम ६४ लाखांच्या आसपास जाते. भाडेकरू बदलताना गाळा दोन महिने रिकामा राहिला, तर हाती ३ लाख येतात, आणि घरफाळा, देखभाल व विम्याचे ५०,००० वजा जाता अडीच लाख उरतात. म्हणजे परतावा ४ टक्क्यांच्याही खाली येतो, तोही प्राप्तिकरापूर्वी. गाळा भाड्याने दिल्यावर घरफाळा किती बसेल, हे व्यवहारापूर्वीच महापालिकेत विचारून घ्यावे.

कोल्हापुरात जागा पाहताना पुराचा विचार टाळताच येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी त्याच्या कितीतरी वर गेली. म्हणून निळ्या आणि लाल पूररेषेचा (नेहमीच्या मोठ्या आणि क्वचित येणाऱ्या महापुराचे पाणी कुठवर पोहोचते ते दाखवणाऱ्या रेषांचा) नकाशा पाहावाच, शिवाय शेजारच्या जुन्या दुकानदाराला त्या दोन्ही वर्षी पाणी कुठवर आले होते ते विचारावे. भिंतीवरची खूण तो हाताने दाखवतो, आणि ती माहिती कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही.

जुन्या पेठेतील गाळा स्वस्त मिळत असेल, तर आत पागडीचा (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर राहणारा) भाडेकरू आहे का, हे प्रथम तपासावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अशा भाडेकरूला संरक्षण देतो, म्हणजे त्याला सहज बाहेर काढता येत नाही. मात्र बँका आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना दिलेल्या जागा त्यातून वगळलेल्या आहेत. त्यामुळे बँकेसारखा भाडेकरू मिळाल्यास थोडे कमी भाडेही स्वीकारावे. करार लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याच्या परवानगीचा) असला तरी तो नोंदवलेलाच असावा. प्रॉपर्टी कार्ड, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी व बोजा यांच्या नोंदींचा शोध अहवाल) आणि भोगवटा प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय विसार देऊ नये.

एवढी रक्कम एकाच ठिकाणी अडकवायची नसेल, तर शेअर बाजारात नोंदलेल्या रिट्सचा, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या व्यावसायिक इमारतींत गुंतवणाऱ्या न्यासांचा, विचार करावा. एम्बसी, माइंडस्पेस यांसारख्या रिट्सचे एक युनिटही घेता येते आणि वाटपयोग्य रोख उत्पन्नापैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना वाटणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. युनिटचा भाव रोज वरखाली होतो, हे मात्र मान्य असावे. गाळ्यासाठी रक्कम साठवत असलेल्या कुटुंबाने निदान वर्षभर थोडे युनिट बाळगून पाहावेत आणि त्यावर हाती येणारे उत्पन्न वरील अडीच लाखांच्या हिशेबाशेजारी वहीत मांडावे.